साठा उत्तरांनंतर राणीचं काय होतं?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलं काय वाचतायत यावर अख्खं पान आलं होतं. पान आवडलं, कापून ठेवलंय. पण त्यात एक वाक्य होतं की हल्लीच्या मुली त्या इंग्रजी राजपुत्र-राजकन्येच्या लव्हस्टोऱ्या वाचतात आणि तो निव्वळ टाइमपास आहे, आणि एवढं म्हणून लेख पुढे गेला. ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लांबलंय, जमेल तेवढं छापा, पण वाचा मात्र पूर्ण.

मी इंदिरानगरला राहते. घरातली एक खोली सोसायटीतल्या मुलांच्या पुस्तकांना दिलीये, फी नाही, डिपॉझिट नाही, वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक न्यायचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी काही वर्षांपूर्वी आमच्या बायकांच्या ग्रुपकडे यायची, ती उघडताना जो आनंद व्हायचा तोच मुलांना मिळावा एवढाच विचार होता. दुसरी-तिसरीतली पोरं भरपूर येतात, पाचवी-सहावीची पण येतात, आणि मग आठवी-नववीत गेली की वहीतली नावं हळूहळू बंद होतात. क्लास असतात, मोबाईल असतो हे खरंच आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायला माझ्या कपाटात मराठीत काही नसतं हे पण तेवढंच खरं आहे. एकतर परीकथा नाहीतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधलं काहीच नाही.

माझी भाची अकरावीत आहे, ती मात्र वाचते, आणि वाचते ते हेच ज्याला तुमच्या पानाने टाइमपास म्हटलं. मी पण आधी तेच म्हणत होते. तर तिने एक दिवस दोन जाडजूड पुस्तकं आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, मावशी, आधी वाच, मग बोल. पुस्तकं होती कॅथरीन मॅकगीची, पहिलं 'अमेरिकन रॉयल्स', २०१९ चं, आणि त्याचा सिक्वेल 'मॅजेस्टी', २०२० चा. माझं इंग्रजी काही फार फास्ट नाही, तरी रात्री जेवणं आवरल्यावर बसून दोन्ही संपवली आणि दुसऱ्या पुस्तकावर तर आमची इतकी भांडणं झाली की बहिणीने येऊन विचारलं तुम्हा दोघींचं चाललंय काय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्पना अशी की अमेरिका प्रजासत्ताक झालीच नाही, जॉर्ज वॉशिंग्टन राजा झाला आणि आज पण त्याचंच घराणं गादीवर आहे. हे अगदीच हवेतून काढलेलं नाही बरं का. खऱ्या इतिहासात मे १७८२ मध्ये लुईस निकोला नावाच्या एका कर्नलने वॉशिंग्टनला पत्र लिहून राजेशाहीची कल्पना मांडली होती आणि वॉशिंग्टनने त्याच दिवशी उलट पत्र लिहून त्याला चांगलंच झापलं होतं. लेखिकेने ते एक उत्तर फक्त उलटं केलं, नाहीचं हो केलं, आणि तिथून पुढे सगळं रचलं. मला ही युक्ती फार आवडली, एका माणसाच्या एका पत्रावर देशाचं काय काय अवलंबून असतं ते मुलांना आपोआप कळतं.

पहिल्या भागात थोरली राजकन्या बियाट्रिस, अमेरिकेची पहिली राणी होणारी मुलगी. वडिलांना कॅन्सर झालाय म्हणून घाईघाईने तिचं लग्न टेडी नावाच्या सरदार घराण्यातल्या मुलाशी ठरतं, आणि तिचं प्रेम असतं तिच्या सिक्युरिटी गार्डवर, कॉनरवर. त्यातून टेडी आवडत असतो तिच्या धाकट्या बहिणीला, सॅमला. शेवटी बियाट्रिस हिंमत करून वडिलांना सगळं सांगून टाकते, आणि ते ऐकताऐकताच राजा कोसळतो आणि जातो. पुस्तक तिथे संपतं.

आता आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, आवडती राणी, नावडती राणी, मग देव पावतो, राज्य मिळतं आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. राणीला राज्य मिळालं की कहाणी संपलीच. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते, कुणाकुणाशी बोलते, तिचं कोण ऐकतं आणि कोण ऐकत नाही, हे आजीने कधी सांगितलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही. 'मॅजेस्टी' त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सुरू होतं. मला वाटतं या सिक्वेलची खरी ताकद तीच आहे, प्रेमकथा वगैरे नंतर.

ही मुलगी राणी झालीये पण तिच्या मनात एकच चाललंय की बाबा माझ्यामुळे गेले. ती कुणाला सांगू शकत नाही. बाहेर लोक सुतकात आहेत, राजवाड्यात सगळे वाकून नमस्कार करतायत, आणि ती आतून गोठलेली. ही पानं वाचताना मी दोनदा पुस्तक बंद केलं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्याशी आदल्या दिवशी फोनवर वाद घातला होता, त्यामुळे असेल, पण मला ते फार खरं वाटलं. आणि सोळा वर्षांच्या मुलीला हे वाचायला मिळतंय की दुःखात अपराधी वाटणं म्हणजे खरंच आपण अपराधी असणं नव्हे, ही लहान गोष्ट नाही हो.

आणि मग येतो रॉबर्ट. राजवाड्याचा मुख्य कारभारी. अतिशय सभ्य, हळू आवाजात बोलणारा, प्रत्येक वाक्यात राणीचा मान राखणारा, आणि प्रत्येक वाक्यात तिचा अधिकार थोडा थोडा काढून घेणारा. राणीने काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, भाषण करायची वेळ येते तर हा सांगतो की आत्ता नको, आधी लग्न होऊ द्या, एकटी बाई उभी राहिली तर बरं दिसत नाही. सगळी एनर्जी लग्नाच्या तयारीत, फुलं कुठली, पाहुणे कोण, आणि राज्याचे कागद दुसरीकडेच फिरतायत. भाचीने या पानांवर पेन्सिलने रेघा मारल्यात. मी तिला म्हटलं, अगं हा तर आपल्याकडे पण होता, याचं नाव गंगाधर यशवंत.

तिला माहीत नव्हतं. म्हणजे अहिल्याबाई होळकर माहीत होत्या, घाट बांधले, देवळं बांधली, परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं. पण १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर त्यांच्याच दिवाणाने, गंगाधर यशवंतने, त्यांना सुचवलं की एखादं मूल दत्तक घ्या आणि तुम्ही आपलं देवधर्म करत बसा, आणि बाई ऐकेनात तेव्हा राघोबादादांना इंदूरवर बोलावलं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. राघोबादादा म्हणजे तेच ज्यांचं आनंदवल्ली आपल्या गंगापूर रोडला आहे, रोज बसने तिथून जातो आपण. अहिल्याबाईंनी सैन्य तयार ठेवलं, राघोबांना निरोप पाठवला, आणि ते मी तर सांत्वनाला आलोय असं म्हणून परत फिरले. नवरा नाही, मुलगा नाही, आणि तरी पुढची अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. हे सांगितल्यावर भाची गप्पच झाली आणि मग म्हणाली, मग यावर पुस्तक का नाहीये? तिच्या वयाच्या मुलींसाठी असं म्हणत होती ती.

पुस्तकातली दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे दोघी बहिणी. सॅम आतापर्यंत बिनकामाची धाकटी, कुणी तिला सिरियसली घेत नाही, आणि बहीण राणी झाल्याबरोबर एका रात्रीत ती वारस. दोघींमध्ये टेडीवरून जी अढी आहे ती हळूहळू सुटत जाते. घाई न करता लिहिलंय ते, कुणी एकदम गळ्यात पडत नाही, आधी टोमणे, मग अबोला, मग एखादं काम दोघींनी मिळून करणं. घरात बहिणी असतील त्यांना पटेल. प्रेमाच्या सगळ्या भानगडींपेक्षा मला या दोघींचीच पानं परत वाचावीशी वाटली.

आता टेडी. इथे आमचं भांडण आहे. ठरवून झालेल्या एंगेजमेंटमधून बियाट्रिसला टेडी आवडायला लागतो. भाचीचं म्हणणं की हे चीटिंग आहे, पहिल्या पुस्तकात चारशे पानं कॉनरसाठी रडलो आणि आता लेखिका म्हणते विसरा त्याला. मला मात्र हे अजिबात खोटं वाटलं नाही. आपल्याकडे किती जणींचं असंच झालंय, बघून ठरवलेलं लग्न, मनात आधी कुणीतरी असलेलं, आणि मग हा समोरचा माणूस आपली बाजू घेऊन उभा राहतो, आपल्याला आपलं काम करू देतो, आणि त्यातून कधीतरी माया जडते. अमेरिकन लेखिकेला हे कळलं याचंच मला नवल वाटलं. पण भाचीचं एक म्हणणं मला मान्य करावं लागलं. कॉनरला लेखिकेने नीट निरोप दिला नाही. ज्या माणसासाठी एक मुलगी गादी सोडायला निघाली होती तो दुसऱ्या भागात बहुतेक वेळ नुसता एक आठवण बनून राहतो, आणि जेव्हा येतो तेव्हा फक्त राणीची परीक्षा घ्यायला आल्यासारखा. तो काय भोगतोय, त्याला काय वाटतं, काही नाही. पगारावर काम करणारा माणूस राजवाड्याच्या गोष्टीत गरजेपुरता वापरला आणि बाजूला ठेवला असं झालंय, आणि ते मला खरंच खटकलं.

सगळ्यात मोठा कमकुवतपणा म्हणजे डॅफ्नी. म्हणजे कॅरेक्टर म्हणून ती सगळ्यात जिवंत आहे हे आधी सांगते. राजपुत्र जेफशी, म्हणजे सॅमच्या जुळ्या भावाशी, लग्न करायचंच या एका ध्यासाने वाढवलेली मुलगी, आईवडिलांनी लहानपणापासून तिच्यावर जणू गुंतवणूकच केलीये. तिचा चेहरा, तिचं हसणं, तिचे कपडे, सगळं एका ध्येयासाठी. हे वाचताना मला आपल्या कॉलेज रोडवर पहाटे सहाला क्लासच्या बाहेर उभी असलेली मुलं आठवली, आईवडिलांचं स्वप्न पाठीवरच्या बॅगेत घेऊन फिरणारी. लेखिकेने इथे खोल जायला पाहिजे होतं. त्याऐवजी ती डॅफ्नीकडून एकामागून एक कारस्थानंच करवते. आधीच्या भागातल्या तिच्या हातून घडलेल्या एका भयंकर प्रकारामुळे एक मैत्रीण कोमात आहे, आणि ही ते गुपित लपवायला आणखी खोटं बोलते, ईथन नावाच्या मुलाला दुसऱ्या मुलीच्या, नीनाच्या मागे लावते, म्हणजे नीना जेफपासून लांब राहील. हे सगळं टीव्हीवरच्या रात्री नऊच्या मालिकेसारखं होतं. दर चॅप्टरला एक धक्का. एकीकडे राणी बापाच्या मरणाचं ओझं घेऊन जगतेय आणि दुसरीकडे हे, दोन्हीचा सूर जुळतच नाही. चार मुलींच्या नजरेतून गोष्ट सांगितलीये आणि चॅप्टर बदलला की कधीकधी असं वाटतं की दुसरंच पुस्तक हातात आलं.

सॅमचं खोटं खोटं अफेअर पण आहे मार्शल नावाच्या मुलाबरोबर, लोकांना दाखवायला म्हणून. ते खरं होणार हे पहिल्याच पानावर कळतं, मजा येते वाचायला, त्यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही.

पण राज्यकारभार मात्र पोकळ आहे, आणि यावर मला जास्त बोलायचंय कारण पुस्तकाची मूळ कल्पनाच ती आहे. वॉशिंग्टन राजा झाला असता तर काय काय बदललं असतं? खऱ्या आयुष्यात त्याला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणजे वारसाचा प्रश्न पहिल्याच पिढीत आला असता. राणीच्या हातात नक्की काय आहे आणि काँग्रेसच्या हातात काय, कायदा कोण करतं, राणी नाही म्हणाली तर काय होतं, हे दोन पुस्तकं वाचून मला सांगता येणार नाही. रॉबर्ट तिचा अधिकार काढून घेतोय असं आपण म्हणतो, पण अधिकार कसला हेच धूसर असेल तर ती लढाई पण धूसर होते. खऱ्या राजघराण्यांत हे किती रंगतदार आहे बघा. स्वीडनमध्ये राजकन्या व्हिक्टोरिया थोरली, पण १९७९ मध्ये भाऊ जन्मला आणि तो युवराज झाला, आणि १९८० मध्ये कायदा बदलून थोरलं मूल मग मुलगी का असेना तेच वारस असं ठरलं आणि तिची जागा तिला परत मिळाली. पुढे २०१० मध्ये तिने लग्न केलं ते तिच्या जिम ट्रेनरशी. ब्रिटनमध्ये हा बदल व्हायला २०१५ उजाडावं लागलं. जपानमध्ये आजही मुलगी गादीवर बसू शकत नाही. इतका मालमसाला आजूबाजूला पडलेला असताना लेखिकेने तीच पानं बॉल डान्स आणि गाऊनच्या वर्णनांना दिली याची मला हळहळ वाटते. गाऊन पाहिजेत, सोळाव्या वर्षी मला पण पाहिजे होते, पण दहा कमी चालले असते.

शेवट सांगत नाही, माझ्याकडे ते पुस्तक वाचायला पाच मुली नंबर लावून बसल्यात. एवढंच सांगते की शेवटाकडे राणी जे ठरवते ते वाचून मला आनंद झाला.

आता हे सगळं मी मराठी पेपरला का लिहितेय. कारण अशी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून निघालीये आणि ती आपण मुलींना सांगतच नाही. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. तिथल्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी, जे वयाने बरेच मोठे आणि आधीच लग्न झालेले. तयारी सुरू. १९११ च्या दिल्ली दरबारात तिला बंगालकडच्या कूचबिहारचा राजपुत्र जितेंद्र भेटतो आणि ही मुलगी घरच्यांना न सांगता स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडते. एकोणीस वर्षांची होती. आणि वडील कोण, तर ज्यांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनी शिकावं म्हणून झटले, इतक्या पुढच्या विचारांचे. तरी स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांना ते पेललं नाही. १९१३ मध्ये तिचं लग्न लंडनमध्ये झालं, आईवडील लग्नाला नव्हते. भाची हे ऐकून अक्षरशः उभी राहिली, म्हणाली हे खरं आहे? कवळाण्याची?

आणि तिचा पण दुसरा भाग आहे, तो जास्त महत्त्वाचा. १९२२ मध्ये जितेंद्र गेले, इंदिराराजे तिशीत, पाच मुलं, मोठा मुलगा गादीवर पण अगदी लहान, आणि कूचबिहारचा कारभार त्यांनी रीजंट म्हणून हातात घेतला. ज्या प्रेमासाठी घर दुखावलं तो माणूस गेल्यावर परक्या मुलखात, परक्या भाषेत राज्य सांभाळायचं. तिथे पण एखादा रॉबर्ट असेलच की हळू आवाजात बोलणारा. पाच मुलांमधली एक पुढे जयपूरची गायत्रीदेवी झाली, तिच्याबद्दल सगळे बोलतात, आईबद्दल फार थोडं. 'मॅजेस्टी'मध्ये जे जे मला कमी वाटलं, राज्याचं खरं काम, बापलेकीतलं न सुटलेलं दुःख, सोडून दिलेल्या माणसाचं काय झालं, ते सगळं या एका बाईच्या आयुष्यात आहे.

चरित्रं असतील, जाडजूड, तळटीपांसकट, मोठ्यांसाठी. मी म्हणतेय ती पंधरा वर्षांच्या मुलीसाठीची कादंबरी, जिच्यात तिला एंगेजमेंट मोडायचं पत्र लिहिताना हात थरथरलेला दिसेल आणि पुढच्या भागात तीच बाई दरबारात बसलेली दिसेल, गाऊनच्या जागी पैठणी असेल आणि बॉल डान्सच्या जागी चांदवडच्या रंगमहालासारखा एखादा वाडा. प्रेम पण असू दे भरपूर, त्यात काही वाईट नाही, त्या वयात प्रेमच वाचायचं असतं. आपल्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, लिहिणारी माणसं या गावात कधी कमी नव्हती. कुणीतरी लिहा. लिहिलेलं असेल तर कुठे मिळतं ते मला कळवा, मी दहा प्रती घेते, वहीतली बंद झालेली नावं मला परत चालू करायचीयेत.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी मुलांनी स्वतः वाचलेल्या पुस्तकावर लिहिलेलं छापा, इंग्रजी पुस्तक असलं तरी मराठीत लिहू दे त्यांना. भाचीने 'मॅजेस्टी'वर दोन पानं लिहिलीयेत, सगळी कॉनरच्या बाजूने, त्यात माझं टेडीबद्दलचं म्हणणं तिने पार खोडून काढलंय. ती पानं सोबत जोडलीयेत. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, तिचं कापू नका.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक